नागपूर स्थानकाचे प्लॅटफॉर्म तिकीट : गाड्यांचे चित्रीकरण करणाऱ्याच्या नजरेतून

रेल्वेच्या ज्या सेवेचा मी सर्वांत जास्त वापर केला आहे, ती प्रवासाची नाही. गाड्यांचे चित्रीकरण हा माझा सात वर्षांचा छंद आहे आणि त्यासाठी लागते ते १० रुपयांचे, दोन तासांच्या मुदतीचे प्लॅटफॉर्म तिकीट. खिडकीवर रांग असली तर मी ते मोबाइलवरून काढतो. मात्र ते स्थानकात शिरण्याआधीच काढलेले बरे, कारण आत गेल्यावर ॲप बहुधा दाद देत नाही.

या १० रुपयांत नागपूर जे दाखवते, ते फार थोड्या स्थानकांवर पाहायला मिळते. उत्तरेला इटारसीकडे, पूर्वेला गोंदियामार्गे हावड्याकडे आणि दक्षिणेला वर्ध्याकडे जाणारे मार्ग इथे एकत्र येतात. वर्ध्याहून पुढे मुंबई आणि चेन्नई अशा दोन्ही वाटा फुटतात. त्यामुळे दिल्ली–चेन्नई मार्गावरची ग्रँड ट्रंक एक्सप्रेस, गोंदियाहून मुंबईला जाणारी विदर्भ एक्सप्रेस आणि बिलासपूरची वंदे भारत या तिन्ही गाड्या एकाच स्थानकावर टिपता येतात. १५ जानेवारी १९२५ रोजी सुरू झालेली वालुकाश्माची इमारत पाठीमागे असताना निघणारी गाडी टिपायला मिळाली, तर वेगळी सजावट लागत नाही.

माझा खरा जीव मात्र आवाजात अडकला आहे. नागपुरातल्याच अजनीच्या इंजिन शेडमधले डब्ल्यूएपी-७ हे विजेवर चालणारे इंजिन चोवीस डबे ओढायला लागते, तेव्हा त्याचा स्वर सरळ चढत नाही. हार्मोनियमवर एकेक पट्टी दाबत वर जावे तसा पायरीपायरीने चढतो, मध्येच क्षणभर खाली येतो आणि पुन्हा उचलला जातो. हा बदल नीट ऐकू यावा म्हणून मी मायक्रोफोनवर केसाळ आवरण चढवतो आणि फलाटाच्या टोकाकडे, उद्घोषणेच्या कर्ण्यापासून शक्य तितका दूर उभा राहतो. पहाटे साडेपाचच्या सुमारास, चहावाल्यांची हाक सुरू होण्याआधी, जी दहा-पंधरा मिनिटे मिळतात, त्यांच्यासाठीच मी हे तिकीट काढतो.

तिकिटाची मर्यादा कुठे संपते, हे मात्र प्रत्येकाने स्वतः समजून घ्यायला हवे. फलाट जिथे उताराने रुळांच्या खडीपर्यंत जातो, तिथे हे तिकीट संपते. चार पावले पुढे गेले की चित्र सुंदर येते, हे मलाही ठाऊक आहे. पण रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नागपूरचे प्रसिद्ध डायमंड क्रॉसिंग, म्हणजे रूळ एकमेकांना छेदून जातात ती जागा, पाहायला बाहेरगावची मुले येतात, त्यांनाही मी हेच सांगतो की हे तिकीट तिथे चालत नाही. शिवाय डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्टचा वीजदाब असतो आणि धक्का बसायला तारेला स्पर्श व्हावाच लागतो असे नाही. म्हणून लांब सेल्फी स्टिक मी पिशवीतसुद्धा ठेवत नाही. तिपाई लावून प्रवाशांची वाट अडवायची नाही आणि येणाऱ्या इंजिनावर फ्लॅश मारायचा नाही, हे दोन नियम माझे मी घातलेले आहेत.

या सेवेतली सर्वांत मोठी उणीव अशी की, तिकिटावर कॅमेऱ्याबद्दल एक अक्षर नसते. दोन वर्षांपूर्वी एका दुसऱ्या स्थानकावर एका सुरक्षा कर्मचाऱ्याने मला चौकीत नेले. तिकीट मुदतीतले होते, मी पिवळ्या पट्टीच्या आत होतो, तरी मला अकरा चित्रफिती पुसाव्या लागल्या. त्यांत थंडीत दोन तास उभे राहून टिपलेली, दुहेरी इंजिनाची कोळशाची मालगाडी होती. ते गृहस्थ उद्धट नव्हते, पण कोणता नियम मोडला, हे त्यांनाही कागदावर दाखवता आले नाही. तेव्हापासून कोणी विचारण्याआधीच मी तिकीट आणि ओळखपत्र पुढे करतो, चित्रीकरण दाखवतो आणि थांबवायला सांगितले तर वाद न घालता थांबवतो.

पैसे मिळवण्यासाठी, जाहिरातीसाठी किंवा चित्रपटासाठी चित्रीकरण करायचे असेल, तर हे तिकीट पुरत नाही; रेल्वेची आगाऊ लेखी परवानगी लागते आणि ती जनसंपर्क विभागाकडून मागावी लागते. नागपुरात त्याआधी आणखी एक प्रश्न सोडवावा लागतो, कारण या एका शहरात दोन रेल्वेंचे दोन नागपूर विभाग आहेत. मुख्य स्थानक आणि अजनी मध्य रेल्वेकडे आहेत, तर इतवारी आणि मोतीबाग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे, जिचे मुख्यालय बिलासपूरला आहे. अर्ज चुकीच्या दारात गेला की आठवडे जातात, म्हणून आधी स्थानक ठरवावे आणि मगच पत्र लिहावे.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास फलाटांवर इतके लोक उतरतात की तेव्हा कॅमेरा घरी ठेवणेच योग्य. दिवाळी आणि छठपूजेच्या गर्दीत मोठ्या स्थानकांवर या तिकिटांची विक्रीही कधीकधी थांबवली जाते, आणि मला ते रास्त वाटते. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी कडबी चौकाजवळचे, मोतीबागेतले नॅरोगेज संग्रहालय आधी पाहावे. तिथे ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरची जुनी इंजिने अगदी जवळून पाहता येतात.

पाचपैकी साडेतीन गुण मी देतो. उरलेला दीड गुण तिकिटाच्या कोऱ्या पाठीसाठी राखून ठेवला आहे. स्वतःच्या छंदासाठी फलाटावरून काय टिपता येईल आणि काय नाही, एवढ्या दोन ओळी मराठीत तिथे छापल्या, तर मी तोही देईन.