वाल-ओ-माट: जर्मनीत मत देण्याआधी वापरा, पण टक्केवारीवर थांबू नका

जर्मनीत नागरिकत्व घेतलेल्या आपल्या मराठी लोकांनी मत द्यायच्या आधी वाल-ओ-माट, म्हणजे आपली मतं कुठल्या पक्षाशी किती जुळतात ते दाखवणारं ॲप, वापरलंच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, म्हणून सविस्तर लिहितेय. फेब्रुवारी २०२५ ची बुंडेस्टागची (जर्मन संसदेची) निवडणूक म्हणजे माझं इथलं पहिलं मतदान, आणि माझ्यासाठी रशियाचा प्रश्न सगळ्यात वरचा होता, कारण गॅसच्या बिलापासून ऑफिसातल्या युक्रेनियन मैत्रिणीपर्यंत रोज तोच विषय समोर यायचा.

आधी बेसिक माहिती. राजकीय शिक्षणाचं काम करणारी बीपीबी ही सरकारी संस्था हे २००२ पासून चालवते. फुकट आहे, वेबसाइटवर पण चालतं आणि फोनवर पण. ३८ विधानं येतात, प्रत्येकावर सहमत, असहमत किंवा तटस्थ दाबायचं, नको असेल तर सोडून द्यायचं, जे महत्त्वाचं वाटतं त्याला डबल वजन द्यायचं आणि मग कुठल्या पक्षाशी किती टक्के जुळतं ते दिसतं. उत्तरं पक्षांनी स्वतः दिलेली असतात, हा मोठा प्लस पॉइंट. त्याच निवडणुकीच्या आधी लाइपझिगच्या मतपत्रिकेवर एएफडी या कट्टर उजव्या पक्षाचं नावच नाही असा खोटा व्हिडिओ फिरत होता आणि त्यामागे रशियन मोहीम असल्याचा संशय जर्मन सुरक्षा यंत्रणांनी बोलून दाखवला होता, अशा वातावरणात पक्षाचं स्वतःचं म्हणणं एका जागी वाचायला मिळणं फार गरजेचं आहे.

आता मेन मुद्दा. २०२५ मध्ये युक्रेनबद्दलचं विधान होतं की जर्मनीने युक्रेनला लष्करी मदत चालू ठेवावी. सीडीयू (मध्यम-उजवा पक्ष), एसपीडी (मध्यम-डावा), ग्रीन्स (पर्यावरणवादी) सगळे हो. एएफडी, डी लिंके (डावा पक्ष) आणि त्यातून फुटून निघालेला बीएसडब्ल्यू, हे तिघं नाही. इथेच थांबलात तर फसाल, कारण त्या तिघांचा नकार एकसारखा नाहीये. डी लिंके रशियाच्या हल्ल्याचा निषेध करते पण शस्त्रं द्यायला विरोध करते, एएफडीला तर नॉर्ड स्ट्रीम (रशियातून जर्मनीत गॅस आणणारी समुद्राखालची पाइपलाइन) परत चालू करून रशियाचा गॅस हवाय. आणि हो म्हणणाऱ्यांतही फरक होताच, तेव्हाचे चान्सलर (सरकारप्रमुख), एसपीडीचे शोल्त्स लांब पल्ल्याची टॉरस क्षेपणास्त्रं द्यायला तयार नव्हते, सीडीयूचे मेर्त्स यांची भूमिका वेगळी होती, पण ॲपमध्ये दोघंही सारखेच दिसतात. म्हणून प्रत्येक विधानाखाली पक्षांनी दिलेलं कारण उघडून वाचा, माझ्या मते या ॲपची खरी किंमत तिथे आहे, टक्केवारीत नाही.

अजून एक करून बघा, जुने वाल-ओ-माट आर्काइव्हमध्ये आहेत, त्यातलं २०२१ चं काढा. तेव्हा प्रश्न होता नॉर्ड स्ट्रीम २ ही दुसरी पाइपलाइन ठरल्याप्रमाणे सुरू होऊ द्यावी का! एसपीडी हो, ग्रीन्स नाही, आणि निवडणुकीनंतर हेच दोघं एफडीपी या उदारमतवादी पक्षाला घेऊन सरकारात बसले. २२ फेब्रुवारी २०२२ ला एसपीडीच्याच शोल्त्स यांनी त्या पाइपलाइनच्या मंजुरीची प्रक्रिया थांबवली आणि दोन दिवसांत युक्रेनवर मोठा हल्ला झाला. एका निवडणुकीत गॅस घ्यायचा का हा प्रश्न, पुढच्या निवडणुकीत शस्त्रं द्यायची का. दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचल्या तेव्हा मला सुन्न व्हायला झालं, जर्मनी-रशिया संबंध किती वेगाने तुटले ते इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठे दिसलं नव्हतं.

पहिली नॉर्ड स्ट्रीम पाइपलाइन पण निवडणुकीच्या तोंडावरच ठरली होती बरं का, सप्टेंबर २००५ मध्ये मतदानाला दहा दिवस असताना तेव्हाचे चान्सलर श्र्योडर आणि पुतिन यांच्या समोर बर्लिनमध्ये करार झाला, श्र्योडर निवडणूक हरले आणि नंतर त्याच प्रोजेक्टच्या कंपनीत जाऊन बसले. हे ॲपमध्ये नाही, पण माहीत असायला हवं.

तक्रार एकच पण मोठी. इतक्या गंभीर विषयाला एका हो-नाहीत बसवणं बरोबर नाही. निर्बंध, गॅस आणि शस्त्रं अशी तीन वेगळी विधानं हवीत, कारण निर्बंध हवेत पण शस्त्रं नकोत असं म्हणणारे माझ्या ओळखीतच कितीतरी आहेत, त्यांनी काय दाबायचं?

आणि एका मताने काय होतं असं वाटत असेल तर बीएसडब्ल्यूचा निकाल बघा. संसदेत यायला साधारणपणे पाच टक्के मतांची अट, त्यांना मिळाले ४.९८, साडेनऊ हजारांच्या आसपास मतं कमी पडली. ते आत आले असते तर सीडीयू-सीएसयू (सीडीयू आणि तिचा बव्हेरियातला जोडपक्ष) आणि एसपीडी या दोघांचं बहुमत राहिलं नसतं, सरकार चालवायला तिसरा पक्ष लागला असता आणि युक्रेनला काय द्यायचं याचं गणित वेगळंच झालं असतं.

माझं रेटिंग पाचपैकी चार. भाषेची भीती बाळगू नका, वाक्यं छोटी आहेत, बी-वन (मध्यम) लेव्हलचं जर्मन असेल तर जमतं. कारणं नीट वाचायची तर एखादी निवांत संध्याकाळ काढा, आणि घरातली अठरा वर्षांची पोरं असतील तर त्यांनाही शेजारी बसवा, पण उत्तरं ज्याची त्याने वेगळी द्या.