बायोडाटा चांगला, फोटो मात्र निळा

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानातून परवा बायोडाटा करून घेतला. ८० रुपये, प्रिंटचे वेगळे.

मी आयटीआय, व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन) ऑपरेटर. पावणेतीन वर्षांत तीन ठेकेदार झाले: ११ महिने, ७ महिने, परत ११. जुन्या बायोडाटात तीन नोकऱ्या सुट्ट्या लिहिल्या होत्या, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटायचं पोरगं टिकतच नाही. दुकानातल्या काकांनी आधी विचारलं, "पगार कोण टाकायचं खात्यात? कंपनी का ठेकेदार?" मग वर एकच मथळा घातला, 'कंत्राटी काम', आणि खाली ठेकेदाराचं नाव, कोणत्या प्लांटमध्ये, कोणतं मशीन, तारखा. थेट कंपनीचं नाव मालक म्हणून टाकू दिलं नाही. पीएफच्या नोंदीत ठेकेदारच दिसतो, परमनंटला घेताना यूएएनवरून (पीएफच्या कायमच्या नंबरवरून) तारखा ताडून बघतात, म्हणाले. माझी पीएफची सर्व्हिस हिस्टरी काढायला लावली, तर एक तारीख माझीच चुकलेली निघाली! मधले चार महिने बसून होतो, तेही लपवलं नाही; 'ठेका संपला' एवढंच. 'मशीन चालवले' खोडून 'फॅनक कंट्रोलवर सेटिंग, ऑफसेट, मायक्रोमीटरने तपासणी' असं लिहिलं.

तक्रारी दोन. फोटोत माझा चेहरा निळसर आलाय. आणि न विचारता 'अस्खलित इंग्रजी' घातलं होतं, ते मी काढायला लावलं. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, पोरांची रांग रस्त्यापर्यंत असते.

चार स्टार.