ओपनरिफाइन, बरेच महिने वापरल्यावर: गावांच्या नावांनी घाम काढला, तरी हेच ठेवणार

परवान्याचे पैसे थकले म्हणून विकतच्या सॉफ्टवेअरने आमचाच डेटा आम्हाला नुसता बघायला ठेवला, तेव्हापासून मी ओपनरिफाइन हे विस्कळीत डेटा साफ करायचं फुकट सॉफ्टवेअर वापरतोय. एक्सपोर्ट हवा तर आधी बिल भरा, एवढंच कंपनीचा सपोर्ट सांगत राहिला. अनुदानाचा पैसा रीएजंटवर आणि घरभेटींना जाणाऱ्या मुलींच्या प्रवासावर जायला हवा, आपलाच डेटा सोडवून आणण्यावर नाही. मूळ फायली जपून ठेवल्या होत्या म्हणून निभावलं.

काम मधुमेहाच्या अभ्यासाचं. प्रयोगशाळेचे रिपोर्ट, आरोग्य केंद्राची टाइप केलेली नोंदवही आणि घरभेटीचे फॉर्म एकत्र आणायचे. एककं सोपी निघाली: डेसिलिटरमागे मिलिग्रॅम हवेत तर ग्लुकोजच्या मिलिमोलला (लिटरमागे) १८ ने गुणा, क्रिएटिनिनच्या मायक्रोमोलला ८८.४ ने भागा, विषय संपला.

अडलं ते गावांवर. गाव नीट नसेल तर कुठल्या भागातले रुग्ण तपासणीला परत येत नाहीत, हे कळतच नाही. आणि गोव्यात रोमी, म्हणजे रोमन लिपीच्या, अक्षरांत एकाच गावाची दोन-दोन रूपं चालतात: बिचोलिम आणि डिचोली, सांक्वेलिम आणि साखळी, कानाकोना आणि काणकोण. क्लस्टरिंगची, म्हणजे सारखी दिसणारी नावं एका गटात आणण्याची, फिंगरप्रिंट पद्धत लहान-मोठी अक्षरं, विरामचिन्हं, शब्दांचा क्रम आणि अक्षरांवरची पोर्तुगीज चिन्हं बाजूला ठेवून जुळवते. सां जुझे दि आरियालची विखुरलेली रूपं तिने झटक्यात एकत्र केली, तेव्हा फार आनंद झाला. पण बिचोलिम आणि डिचोली एकच, हे तिला कधीच कळणार नाही. मेटाफोन ३ ही दुसरी पद्धत उच्चारावर चालते, तेही इंग्रजी उच्चारावर. लेव्हेनश्टाइन पद्धत किती अक्षरांचा फरक आहे ते मोजते; तिची मर्यादा सैल केली की सासष्टीतलं वेळी (Velim) आणि फोंड्यातलं वेलिंग (Veling) एकाच गटात येऊन बसतात. नागवा तर बार्देशातही आहे आणि सासष्टीतही. स्पेलिंग तंतोतंत तेच, मग यंत्राने ओळखायचं कसं? मोले गावाच्या जुन्या नोंदींत तालुका सांगे, नव्या नोंदींत धारबांदोडा.

इथपर्यंत माझं मत दोन ताऱ्यांचं होतं. ते बदललं एका प्रोजेक्टातून दुसऱ्यातली जुळणारी नोंद आणणाऱ्या क्रॉस फंक्शनमुळे. गावांची सगळी रूपं, तालुका आणि सरकारी गावकोड यांचा वेगळा प्रोजेक्ट केला आणि मुख्य डेटातून क्रॉसने कोड ओढून घेतला. यादी करायला वेळ गेला, पण ती एकदाच करायची. पाच-दहा गावांच्या तलाठ्यांना आणि पंचायतींना ठाऊक असलेली माहिती अशी एका ठिकाणी आली की ती पुढच्या प्रत्येक अभ्यासाला उपयोगी पडते. गोव्यात आरोग्यावर काम करणाऱ्या सगळ्यांनी मिळून अशी एकच यादी ठेवावी, असं मला फार वाटतं.

केलेली प्रत्येक पायरी इतिहासात राहते. तो इतिहास जेसन (JSON) या मजकुराच्या रूपात काढून पुढच्या महिन्याच्या फायलीवर तसाच चालवता येतो. मात्र एखादीच सेल हाताने बदलली असेल तर तो बदल त्यात येत नाही. म्हणून हाताने काही बदलू नका, सूत्रानेच बदला.

डेटा आपल्याच संगणकावर राहतो, ब्राउझर उघडला तरी बाहेर जात नाही. रुग्णांच्या माहितीसाठी, एथिक्स समितीसमोर उभं राहताना, याला मोल आहे. फक्त बाहेरच्या रिकन्सिलिएशन सेवेला (आपली नावं बाहेरच्या यादीशी ताडून देणाऱ्या) जोडाल तर तो कॉलम बाहेर जातो, तिथे जपा. जनुकांच्या याद्या करणाऱ्यांनाही हे बरं. एक्सेल सेप्टिन जनुकांच्या नावांच्या (SEPT1 वगैरे) तारखा करत असे, शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने त्या जनुकांची नावंच बदलली. ओपनरिफाइन असं परस्पर काही बदलत नाही.

विंडोजवर सुरुवातीला मेमरी सुमारे १ जीबीच दिलेली असते. मोठ्या फायलीला ते अडकतं, सेटिंगच्या फायलीत आकडा वाढवा. दोघांना एकाच वेळी एका प्रोजेक्टवर काम करता येत नाही, ही उणीव आम्हाला रोज जाणवते. सध्या प्रोजेक्टची फाइल पेन ड्राइव्हवरून या टेबलावरून त्या टेबलावर जाते. परवान्याचे वाचलेले पैसे जास्तीच्या रॅमसाठी मागितले आहेत.