सिडनीतील घरच्या जलतरण तलावाची सुरक्षा तपासणी : प्रमाणपत्र हाती आल्यानंतरच्या काही महिन्यांचा अनुभव

सिडनीच्या हिल्स परिसरात आम्ही जे घर घेतले, त्याच्या मागच्या अंगणात २०१४ साली बांधलेला जलतरण तलाव आहे. घर विकणाऱ्यांनी खरेदीकरारासोबत तलाव नियमांत बसत असल्याचे प्रमाणपत्र न जोडता तो बसत नसल्याचा दाखला, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ नॉन-कम्प्लायन्स, जोडला होता. न्यू साउथ वेल्समध्ये असे करण्यास कायद्याची पूर्ण मुभा आहे. २९ एप्रिल २०१६ पासून तलाव असलेले घर विकताना या दोहोंपैकी एक कागद, किंवा तलाव नुकताच बांधलेला असल्यास त्याचे ऑक्युपेशन सर्टिफिकेट (वापर-परवाना), करारासोबत द्यावा लागतो. त्रुटींचा दाखला दिलेला असेल तर दुरुस्तीची जबाबदारी घर घेणाऱ्यावर येते आणि सेटलमेंटपासून, म्हणजे खरेदीव्यवहार पूर्ण झाल्यापासून, ९० दिवसांच्या आत त्रुटी दूर करून प्रमाणपत्र मिळवावे लागते. आमची मुलगी तेव्हा नुकती सगळीकडे चढू लागली होती, त्यामुळे मुदतीचा विचार बाजूला ठेवला तरी हे काम आम्हाला घरातल्या इतर सर्व कामांच्या आधी करायचे होते.

तपासणी स्थानिक कौन्सिलकडून (नगरपालिकेकडून) करून घेता येते किंवा नोंदणीकृत खासगी सर्टिफायरकडून, म्हणजे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार असलेल्या तपासनीसाकडून. कौन्सिलने किती शुल्क घ्यावे यावर २०१८ च्या नियमावलीत मर्यादा घातलेली आहे : पहिल्या तपासणीला जास्तीत जास्त १५० डॉलर आणि फेरतपासणीला १०० डॉलर. खासगी सर्टिफायर आपले दर स्वतः ठरवतात आणि ते सहसा याहून अधिक असतात. कौन्सिलकडे मिळणारी वेळ आमच्या मुदतीच्या मानाने फार पुढची होती, म्हणून आम्ही खासगी सेवा निवडली. त्या कंपनीचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही लिहायच्या आहेत आणि एका घरच्या अनुभवावरून कोणाविषयी मत पक्के व्हावे असे मला वाटत नाही.

नोंदणी करताना संकेतस्थळावर तलाव कोणत्या वर्षी बांधला, कुंपण कशाचे आहे, घराची भिंत किंवा शेजाऱ्याचे कुंपण तलावाच्या आवाराची बाजू होते का, आणि राज्याच्या स्विमिंग पूल रजिस्टरमध्ये तलावाची नोंद आहे का, असे प्रश्न विचारले गेले. हे प्रश्न मला आवडले, कारण उत्तरे नुसती फाईलमध्ये राहिली नाहीत. तलाव कधी बांधला यावर त्याला कोणते मानक लागू होते हे ठरते. १ ऑगस्ट १९९० पूर्वीच्या, त्यानंतर १ सप्टेंबर २००८ पर्यंतच्या आणि अलीकडच्या तलावांचे नियम वेगवेगळे आहेत, आणि आमच्या तलावाला कुंपणाविषयीच्या ऑस्ट्रेलियन मानक १९२६.१ ची २०१२ सालची आवृत्ती लागू होते. आधी ज्या एका स्वस्त सेवेला फोन केला होता, तिथे हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. दर मात्र लगेच सांगितला. तिथून आम्ही मागे फिरलो याचे मला आजही समाधान आहे. निवडलेल्या कंपनीने काम सुरू करण्यापूर्वी लेखी करार पाठवला. तो कायद्याने आवश्यकच आहे. त्यात तपासनीसाचा नोंदणी क्रमांक होता आणि तो सार्वजनिक नोंदवहीत पडताळून पाहता आला.

तपासणीला आलेल्या गृहस्थांनी जवळपास अर्धा वेळ एकट्या गेटपाशी घालवला, आणि या सेवेला मी चांगले म्हणते त्याचे मुख्य कारण तेच आहे. नियम असा की गेट तलावाच्या बाहेरच्या दिशेने उघडले पाहिजे, कोणत्याही स्थितीतून सोडले तरी आपोआप बंद झाले पाहिजे आणि कडीही आपोआप लागली पाहिजे. त्यांनी गेट पूर्ण उघडून सोडले. ते सपकन बंद झाले व कडी लागल्याचा खटका ऐकू आला. अर्धे उघडून सोडले, तेव्हाही तसेच झाले. मग त्यांनी गेट हळूच आणून कडीला नुसते टेकवले आणि हात काढून घेतला. गेट तिथेच राहिले. बाहेरून पाहणाऱ्याला ते बंद वाटत होते, पण कडी लागलेली नव्हती, आणि लहान मुलाच्या तळहाताच्या धक्क्याने ते उघडले असते. त्यांनी मला ते स्वतः करून पाहायला सांगितले. पूर्ण उघडलेल्या गेटला बंद होताना वेग मिळतो, त्यामुळे बिजागरीतील स्प्रिंग थोडी सैल पडलेली असली तरी ते लक्षात येत नाही; कडीला टेकलेल्या गेटला मात्र सगळे बळ स्प्रिंगकडूनच मिळावे लागते. विकणाऱ्यांच्या दाखल्यात या ठिकाणी 'गेट सदोष' एवढेच लिहिलेले होते. त्या दोन शब्दांवरून कोणत्याही कारागिराने कडी बदलली असती आणि दोष जिथल्या तिथे राहिला असता.

दुसरी त्रुटी शेजाऱ्याच्या बाजूला होती. दोन घरांमधले पत्र्याचे सामायिक कुंपण तलावाच्या आवाराची एक बाजू होते, आणि अशा कुंपणाची उंची तलावाकडून मोजल्यास निदान १.८ मीटर भरावी लागते. कुंपण मूळचे तेवढ्याच उंचीचे होते, परंतु आधीच्या मालकांनी त्याला लागून लाकडी ओंडक्यांचा वाफा बांधून माती भरली होती. तपासनीसांनी मोजपट्टी वाफ्यातील मातीवर टेकवली तेव्हा उंची कमी भरली. शिवाय अशा कुंपणाच्या वरच्या टोकापासून खाली ९०० मिलिमीटरचा पट्टा आतल्या बाजूने पाय ठेवता येईल अशा प्रत्येक वस्तूपासून मोकळा असावा लागतो, आणि वाफ्याला आधार म्हणून कुंपणावर ठोकलेली आडवी फळी नेमकी त्या पट्ट्यात येत होती. तलाव आणि घर यांच्यामधले उभ्या सळ्यांचे कुंपण मात्र सर्व मापांत बसले : बाहेरून उंची १.२ मीटरहून अधिक, सळ्यांमधले आणि खालचे अंतर १०० मिलिमीटरच्या आत, कडी उघडण्याची मूठ जमिनीपासून १.५ मीटरच्या वर.

कपडे धुण्याच्या खोलीची सरकती खिडकी थेट तलावाच्या आवारात उघडते, हे आमच्या कधी ध्यानातच आले नसते, कारण ती कुंपणाचा भाग वाटतच नाही. तिची चौकट जमिनीपासून १.८ मीटरच्या खाली असल्यामुळे ती १०० मिलिमीटरहून अधिक उघडता कामा नये किंवा तिला पक्की जाळी हवी. शेवटची त्रुटी सूचनाफलकाची. बुडालेल्या व्यक्तीला कृत्रिम श्वास व छातीवर दाब कसा द्यायचा, हे दाखवणारा फलक तलावाजवळ, तीन मीटरवरून वाचता येईल असा लावणे बंधनकारक आहे. आमचा फलक जागेवर होता, पण उन्हाने त्यातील लाल रंग पूर्ण उडाला होता आणि लाल अक्षरांत लिहिलेल्या पायऱ्या वाचताच येत नव्हत्या.

त्रुटी आढळल्यास सर्टिफायरला मालकाला लेखी नोटीस द्यावी लागते. धोका गंभीर असेल तर तिची प्रत ताबडतोब कौन्सिलकडे जाते. एरवी सहा आठवड्यांत प्रमाणपत्र मिळण्याजोगी स्थिती झाली नाही तर जाते. आमची नोटीस त्याच आठवड्यात मिळायला हवी होती, पण फोनवर दोनदा आठवण करून दिल्यावर ती आली, आणि दुरुस्तीचे वेळापत्रक तिच्यावरच अवलंबून असल्याने हा उशीर मला खटकला. तिच्यात गेट आणि वाफ्याची छायाचित्रे मापांसह होती. खिडकीचे छायाचित्र नव्हते, आणि कुठली खिडकी हे सुताराला समजावून सांगावे लागले. तपासणीचे शुल्क घेणाऱ्या सेवेने अहवालही तपासणीइतक्याच काळजीने लिहावा, ही अपेक्षा रास्त आहे असे मला वाटते.

दुरुस्ती आम्ही दुसऱ्या कारागिराकडून करून घेतली, आणि हे ठरवून केले. दोष शोधणारा आणि दोष दुरुस्त करून पैसे घेणारा एकच असला, तर त्याने सांगितलेला प्रत्येक दोष खरोखर दोष आहे का, हे घरमालकाला कळण्याचा मार्ग उरत नाही. ताण कमी-जास्त करता येणाऱ्या नव्या स्प्रिंगच्या बिजागऱ्या आणि चुंबकाची कडी यांना साहित्याचे दोन-अडीचशे डॉलर लागले. वाफा काढून माती सपाट केली, फळी उतरवली, खिडकीला अडसर बसवला आणि नवा फलक सावलीच्या भिंतीवर लावला. फेरतपासणी थोडक्यात आटोपली. प्रमाणपत्र राज्याच्या रजिस्टरवर त्याच संध्याकाळी दिसले आणि ते तीन वर्षे ग्राह्य आहे. मेलबर्नच्या मराठी मंडळींसाठी सांगते, व्हिक्टोरियात तपासणी दर चार वर्षांनी होते; ब्रिस्बेनकडे एका घराच्या खासगी तलावाचे प्रमाणपत्र दोन वर्षे चालते. त्यामुळे तेथील नातेवाइकांचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

खरा अनुभव त्यानंतरच्या महिन्यांचा आहे. या भागातील जमीन चिकणमातीची आहे. पावसात ती फुगते आणि कोरड्या दिवसांत आकसते, आणि तिच्याबरोबर गेटचे खांब किंचित हलतात. भर उन्हाळ्यात एकदा आठवडाभर पाऊस लागला, त्यानंतर गेट कडीला टेकवून सोडल्यावर खटका ऐकू येईना. तपासनीसांनी बिजागरीचा वरचा स्क्रू कोणत्या दिशेला फिरवला की ताण वाढतो हे दाखवून ठेवले होते. तो दोन खाचा फिरवला आणि गेट पुन्हा नीट लागू लागले. खांब आणखी सरकला तर कडीचा खालचा भागही खाली-वर करता येतो, हेही त्यांनीच सांगितले होते. हे ज्ञान मला प्रमाणपत्राइतकेच मोलाचे वाटते, कारण प्रमाणपत्र त्या दिवशीच्या तलावाला मिळालेले असते. पुढे तलाव नियमांत राहिला नाही आणि कौन्सिलने दुरुस्तीचा आदेश काढला, तर मुदत शिल्लक असूनही ते रद्द होते.

माणसांच्या सवयी हा भाग मातीहूनही अवघड निघाला. सासूबाई कोल्हापूरहून आल्या तेव्हा त्यांनी तुळशीची कुंडी भरपूर ऊन मिळेल अशा जागी, म्हणजे कुंपणाला अगदी लागून ठेवली. बाहेरच्या बाजूने कुंपणापासून ९०० मिलिमीटरच्या आत चढण्याजोगे काहीही असू नये, हे मी त्यांना सांगितले आणि नातीला त्या कुंडीशेजारी उभे केले. कुंडीच्या काठावर पाय ठेवला असता तर तिचे हात सहज वरच्या दांडीपर्यंत पोचले असते. सासूबाईंनी कुंडी स्वतः उचलून पायरीशी नेली, आणि पुढे दिवाळीच्या फराळाला आलेल्या पाहुण्यांपैकी कोणी खुर्ची कुंपणाकडे ओढू लागले की त्याच आधी बोलत. त्या दिवशी ताटे ने-आण करणाऱ्या एका तरुणाने गेटला वीट लावली होती. त्याचा हेतू अर्थातच वाईट नव्हता, पण आवारात पाच वर्षांखालील चार मुले होती, आणि ऑस्ट्रेलियात या वयाची मुले बुडण्याच्या घटनांत घरचा जलतरण तलाव हेच वर्षानुवर्षे सर्वांत मोठे ठिकाण राहिले आहे. वीट काढली आणि ताटे गेटवरून हातोहात दिली. कुंपण कितीही चांगले असले तरी मुले तलावात असताना एका मोठ्या माणसाची नजर केवळ त्यांच्यावर असावी लागते, आणि ती पाळी कोणाची हे आम्ही आता पाहुण्यांसमोर मोठ्याने सांगतो.

सेवेच्या बाबतीत आणखी दोन उणिवा जाणवल्या. भेटीची वेळ म्हणून अख्खी दुपार दिली जाते, त्यामुळे नोकरदार माणसाला अर्धी रजा टाकावी लागते. आणि प्रमाणपत्राची मुदत संपत आल्यावर आठवण करून देण्याची कोणतीही सोय त्यांच्याकडे नाही. ती तारीख आपणच लिहून ठेवायची. याउलट प्रमाणपत्र मिळून बरेच दिवस झाल्यावर, नव्या उष्णता-पंपाची पेटी कुठे बसवावी हे विचारायला मी फोन केला, तेव्हा त्याच तपासनीसांनी परत फोन करून, पेटी कुंपणापासून किती दूर असावी हे काहीही शुल्क न घेता समजावले.

घर भाड्याने देतानाही हे प्रमाणपत्र लागते. ज्यांना पुढच्या वर्षी घर विकायचे वा भाड्याने द्यायचे आहे त्यांनी तपासणी जून-जुलैमध्ये करून घ्यावी. सप्टेंबरपासून सगळ्यांनाच तलाव आठवतो, सर्टिफायरच्या वेळा भरून जातात, आणि बिजागऱ्या बसवणारे कारागीरही मिळेनासे होतात. नोंदणीपूर्वी फोनवर एकच गोष्ट विचारावी : नोटिशीत प्रत्येक त्रुटीचे माप आणि छायाचित्र मिळेल का. मी पुढच्या वेळी याच सेवेला बोलावणार आहे, पण ही अट करारात लिहून घेऊनच.