एंडोमेट्रिओसिस: डायनोजेस्टची गोळी की मिरेना?

एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं. मिरेना म्हणजे गर्भाशयात बसवायचं हार्मोन सोडणारं छोटं साधन. गोळी आणि मिरेना, दोन्हींत प्रोजेस्टिन प्रकारचंच (प्रोजेस्टेरॉनसारखं) हार्मोन. आजार मुळापासून जात नाही, वेदना आटोक्यात राहतात. लगेच मूल हवं असेल तर दोन्ही उपयोगाच्या नाहीत.

डायनोजेस्ट २ मिलिग्रॅमची गोळी रोज ठरल्या वेळी, मध्ये खंड न पाडता घ्यायची. बीजकोशातली चॉकलेट सिस्टही (या आजारात होणारी जुन्या रक्ताची गाठ) तिने आकसू शकते, म्हणून सिस्ट असेल तर आमचं झुकतं माप गोळीलाच. घोळ होतो तो पहिल्या काही महिन्यांत: अधूनमधून डाग लागतात, बाई घाबरून पाकीट बाजूला ठेवते आणि दुखणं परत उसळतं. गोळी घेतल्यावर ३-४ तासांत उलटी झाली तर दुसरी घ्यावी. जत-आटपाडीकडच्या प्रत्येक मेडिकलमध्ये ती मिळेलच असं नाही. मिरजेला तपासणीला आलात की पुढच्या भेटीपर्यंतची पाकिटं घेऊनच जा. मन सतत उदास राहू लागलं तर डॉक्टरांना लगेच सांगा. गर्भनिरोधक म्हणून मात्र हिच्यावर विसंबू नका.

मिरेनात ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे प्रोजेस्टिन असतं. एकदा बसवली की साधारण ५ वर्षं बघायला नको. ऊसतोडीला महिनोन्‌महिने घराबाहेर राहणाऱ्या बाईला रोजच्या गोळीपेक्षा हीच झेपते. अंगावरून फार जात असेल तर आणखी चांगली. पण बीज बाहेर पडणं सहसा थांबत नाही, त्यामुळे सिस्टसाठी तिचा भरवसा कमी. सुमारे २० जणींत एकीची मिरेना गर्भाशयातून निसटते. ४-६ आठवड्यांनी तिचा दोरा जागेवर आहे का ते तपासून घ्या. तिच्याऐवजी तांब्याची साधी कॉपर-टी बसवून घेऊ नका, तिने रक्तस्राव आणि पोटदुखी वाढू शकते.