क्रूझ कंट्रोलचं किट, मॅन्युअल गाडी आणि साठ रुपयांचा स्विच: आठ महिन्यांनंतर

किट पेडलवर बसणारं, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर पेडल आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) यांच्या मधे लागणारं. वेग ठरवून दिला की पेडल न दाबता तोच धरून ठेवतं, बाकी उगाळत नाही. लिहायला बसलो ते एका निळ्या वायरमुळे. फिटिंगवाल्याने "मॅन्युअलला क्लचची वायर लागत नाही, ब्रेक दाबला की सुटतंच" म्हणून ती टेप गुंडाळून डॅशबोर्डच्या आत ढकलून दिली होती.

लागते. पाचव्या गिअरमध्ये 80 वर क्रूझ लावलंय, पुढे ट्रक आला, सवयीने आधी क्लच दाबला. इंजिनवरचा भार गेला, पण किटने थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) तेवढाच उघडा धरलाय. आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्यांचा) काटा सरळ 4000 च्या पुढे. वर वेग पडतोय म्हणून किट थ्रॉटल आणखी उघडतं. आरपीएम उडाला की सुटायची सोय किटमध्ये आहे खरी, पण तिला ते उडाल्यावरच कळणार ना.

स्विच कसला लावायचा, इथे बहुतेकांची गफलत होते. पेडल दाबल्यावर जोडला जाणारा स्विच लावला आणि पुढेमागे वायर तुटली, तर कुणाला पत्ता लागत नाही. क्लच दाबला तरी किट आपलं चालूच. म्हणून पेडल वर असताना जोडलेला आणि दाबल्यावर तुटणारा हवा. किटच्या मेनूत क्लच इनपुटही तसाच निवडायचा. मग वायर तुटो, चुंबक गळून पडो, क्रूझ लागतच नाही. रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ असला की जोडला जाणारा, 60 रुपयांना मिळतो. स्विच स्थिर ब्रॅकेटवर, चुंबक पेडलच्या दांड्यावर, मधे 5-6 मिमी फट. नुसत्या दुहेरी टेपवर विसंबू नका, उन्हात तापलेल्या केबिनमध्ये ती सुटते. इपॉक्सी आणि वर केबल टाय. पेडलच्या पहिल्या सेंटीमीटरभर हालचालीतच संपर्क तुटला पाहिजे, क्लच घसरायला लागायच्या आधी. मल्टिमीटर बीपवर ठेवून हाताने पेडल दाबून बघा.

आता एक कबुली. स्विच लावल्यावर सुरुवातीचे दोन-तीन महिने क्रूझ मधेच आपोआप सुटायचं आणि मी किटला फालतू ठरवून मोकळा झालो होतो. ते मत मागे. दोष डाव्या पायाचा होता. क्लचवर पाय टेकवून चालवायची आपली जी सवय, तिने पेडल चार-पाच मिमी खाली जातं आणि काठावर लावलेला स्विच तुटतो. थोडी जागा सोडून पुन्हा लावल्यावर तक्रार संपली. क्लचप्लेटचं भलं झालं ते वेगळंच.

बाकी फिटिंग. पेडलचा कनेक्टर काढण्याआधी चावी बंद करून पाचेक मिनिटं थांबा. चावी चालू असताना काढला की चेक लाइट ठरलेली. पेडलमधून दोन सिग्नल येतात, बऱ्याच गाड्यांत दुसरा पहिल्याच्या साधारण निम्म्या व्होल्टेजचा. ईसीयू दोघांचा मेळ सतत तपासतं. पहिल्याच पावसाळ्यात पी2138 हा बिघाडाचा कोड आला आणि गाडी लिंप मोडमध्ये (बिघाड दिसला की ताकद कमी करून चालणं) गेली, ती हा मेळ बिघडल्यामुळे. किट बरोबर होतं. हार्नेस (वायरींचा जुडगा) लांबवताना चिमट्याने दाबून बसवायच्या निळ्या क्लिपा वापरल्या होत्या. त्यांत ओल शिरून एका सिग्नलचा रेझिस्टन्स वाढला. सगळे जोड कापून सोल्डर केले, वर श्रिंक ट्यूब (तापवली की आवळून बसणारी नळी). त्यानंतर कोड नाही.

वेगाचा सिग्नल मीटरच्या मागून घेतला. बऱ्याच जपानी गाड्यांत किलोमीटरला 2548 पल्स येतात, म्हणजे 60 च्या वेगाला मल्टिमीटरवर साधारण 42 हर्ट्झ दिसले पाहिजेत (मल्टिमीटर शेजारच्याने बघायचा). आकडा उड्या मारत असेल तर आधी किटचं अर्थिंग बघा. ते बॉडीच्या रंगावर स्क्रू मारून घेतलेलं असतं. रंग खरवडून मूळ अर्थिंग पॉइंटवरच घ्या. ज्या गाड्यांत वेग फक्त कॅनवर (गाडीतल्या संगणकांच्या आपसातल्या डेटा वायरींवर) येतो, तिथे कॅन वाचणारंच किट घ्या.

ब्रेकची वायर स्टॉप लाइट स्विचच्या दिव्याकडे जाणाऱ्या बाजूला जोडायची. यातली मेख अशी, की त्या स्विचला वीज देणारा फ्यूज उडाला तर पेडल दाबूनही किटला 12 व्होल्ट दिसत नाहीत आणि ब्रेकने क्रूझ सुटत नाही. तेव्हा सोडवायला उरतो क्लच स्विच आणि किटच्या कंट्रोल दांडीवरचं बटण. म्हणून लांब निघताना भिंतीला मागची बाजू करून ब्रेक दाबून लाल उजेड बघून घेतो.

वापराबद्दल थोडक्यात. समृद्धीवर वसूल. एक्सप्रेसवेवर सपाटीला ठीक, पण बोरघाटात बंदच ठेवा: उतारावर हे फक्त थ्रॉटल सोडू शकतं, ब्रेक लावू शकत नाही, आणि पाचव्यात इंजिन ब्रेकिंग अगदीच तोकडं. चढावर चौथा टाकावा लागला तर क्लचमुळे क्रूझ सुटतं, रिझ्यूम (आधीचा वेग पुन्हा पकडायचं बटण) दाबावं लागतं. ते तसंच असायला हवं.

किट घ्यायच्या आधी मात्र एक बघा. काही गाड्यांच्या ईसीयूत क्रूझ आधीच असतं, वरच्या मॉडेलचे स्टिअरिंग स्विच आणि क्लॉक स्प्रिंग (फिरत्या स्टिअरिंगपर्यंत वायर नेणारी गुंडाळी) लावून ते चालू होतं, आणि अशा बऱ्याच गाड्यांत क्लच स्विच कंपनीचाच असतो. फक्त तिथे एअरबॅग उघडावी लागते, बॅटरी काढल्याशिवाय हात लावू नका.

फिटिंगचे 2,000 दिले होते. निळी वायर जोडून मिळाली नाही ती नाहीच. स्विच, सोल्डर आणि श्रिंक ट्यूब मिळून 200 च्या आत घरीच भागलं.