आलेख खरा होता, चाके खोटी निघाली

सायकलच्या टाइम ट्रायलसाठी, म्हणजे एकट्याने घड्याळाविरुद्ध धावण्याच्या शर्यतीसाठी, हवेचा रोध कमी करणारी खोल रिमची (चाकाच्या बाहेरच्या कड्याची) चाके घेताना माझी जी फसवणूक झाली ती सविस्तर लिहून ठेवत आहे, कारण विक्रेत्याने सांगितलेल्या बहुतेक गोष्टी सुट्या सुट्या पाहिल्या तर खऱ्याच होत्या आणि मी भुललो तो नेमका त्यामुळेच.

चाके वापरलेली होती. कार्बनची ६० मिलिमीटर खोल रिम, रिम ब्रेक, आणि वर एका नामांकित कंपनीचे स्टिकर. विक्रेत्याने विषयाला हात घातला तो थेट १९८९ च्या तूर द फ्रान्स या सायकल शर्यतीपासून. अखेरच्या दिवशीच्या टाइम ट्रायलमध्ये ५० सेकंदांची पिछाडी भरून काढून ग्रेग लेमाँडने ती शर्यत अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली. मग चाकांवर खर्च करायला माणसाने का कचरावे, असा त्याचा सवाल होता. त्या २४.५ किलोमीटरांत हरलेल्या लोराँ फिन्याँच्या सायकलला पुढे-मागे दोन्हीकडे डिस्क चाके (स्पोकऐवजी सपाट तबकडी असलेली) होती आणि लेमाँडच्या सायकलला फक्त मागे, हे मला ठाऊक असूनही त्या क्षणी आठवले नाही. लेमाँडकडे वेगळे होते ते एरो बार, म्हणजे हात पुढे जुळवून वाकून बसता येईल असे हँडल, आणि निमुळते हेल्मेट. हवेच्या रोधातला सर्वांत मोठा वाटा स्वाराच्या शरीराचा असतो, चाकांचा वाटा त्या मानाने लहान, हे तर या खेळातले कोणीही सांगेल.

त्यानंतर विक्रेत्याने विंड टनेलमधला, म्हणजे कृत्रिम वारा सोडून हवेचा रोध मोजतात त्या बोगद्यातला, आलेख दाखवला. साध्या रिमच्या तुलनेत २० वॉटची बचत. आकडा मोठा होता आणि मी तो तसाच्या तसा डोक्यात घेतला. बचत ताशी ५० किलोमीटर वेगाची होती. माझा टाइम ट्रायलचा वेग ३८ च्या आसपास. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती घनाने, त्यामुळे तीच २० वॉटची बचत माझ्या वेगाला जेमतेम ९ वॉटवर येते. शिवाय तो आकडा वारा १५ अंश तिरका लागत असतानाचा होता. ताशी ३८ वेगाने जाणाऱ्या चाकाला असा कोन मिळण्यासाठी काटकोनातून ताशी सुमारे १० किलोमीटरचा वारा सतत हवा, आणि तोही चाकाच्या उंचीवर. हवामान खात्याचा आकडा जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो, खाली वारा बराच मंद असतो. हे गणित कागदाच्या पाठीवर होण्यासारखे होते. ते मी पैसे दिल्यानंतर केले.

इथवर दोष माझा. पण ९ नाही, तरी काही वॉट मिळायला हवे होते. वारा पडलेल्या एका पहाटे, एकाच रस्त्यावर, टायरमधली हवा, कपडे आणि बसण्याची ठेवण तीच ठेवून मी पॉवर मीटर (पायांनी लावलेली शक्ती मोजणारे उपकरण) लावून जुनी चाके, नवी चाके, पुन्हा जुनी चाके अशा फेऱ्या मारल्या. समान वॉटला वेळेत पडलेला फरक माझ्या दोन जुन्या फेऱ्यांमधल्या आपसातल्या फरकाहूनही कमी होता.

मग व्हर्नियर कॅलिपर काढला. जाहिरातीत रिमची बाहेरची रुंदी २८ मिलिमीटर दिली होती. हातातली रिम भरली २३.२. माझा २५ चा टायर तिच्यावर २५.४ भरत होता. रिमची रुंदी टायरच्या किमान १०५ टक्के असावी असा एक ठोकताळा आहे, म्हणजे मला सुमारे २६.७ मिलिमीटरची रिम हवी होती. येथे उलटाच प्रकार होता: टायर दिव्याच्या बल्बसारखा रिमबाहेर फुगलेला, त्यामुळे त्यावरून सुटलेली हवा रिमला पुन्हा चिकटायची कशी? खोली कितीही असो, अशा जोडणीत तिचा मोठा भाग वाया जातो.

चाकांचा आउट (फिरताना होणारी डगमग) काढायला दिला तेव्हा मेकॅनिकने मला बोलावून घेतले. काही चपटे स्पोक पिळलेले होते, त्यांची धार वाऱ्याकडे असण्याऐवजी पातेच आडवे होते. त्याने स्टिकरला गरम हवा देऊन कड उचलली, तर खाली लॅकर नव्हतेच, खरवडलेल्या दुसऱ्याच अक्षरांच्या खुणा होत्या. रिमवरचा अनुक्रमांक मी मूळ कंपनीला कळवला. असा क्रमांक आम्ही कधी दिलेलाच नाही, असे उत्तर आले.

वेळेचे नुकसान सोसता येते, पण पुढचा प्रकार भीतिदायक होता. एका लांब उतारावर ब्रेक दाबताच लीव्हर बोटांखाली धक धक करू लागला. खाली थांबून पाहिले तर ब्रेक पॅड घासतो त्या पट्ट्यावर नखाला जाणवेल असा फुगवटा आला होता. ब्रेकच्या उष्णतेने कार्बनमधले रेझिन मऊ पडते आणि आतून टायरचा दाब रिमची भिंत बाहेर ढकलतो; चांगल्या रिममध्ये अधिक उष्णता सोसणारे रेझिन वापरतात ते यासाठीच. पुढचे चाक होते ते.

विक्रेत्याकडे गेलो तेव्हा त्याचा सूर बदलला होता. चाके तुम्ही पाहून घेतली, उतारावर तुम्ही चुकीचे ब्रेक मारले, आणि आलेख केवळ माहितीसाठी होता, असे त्याने ऐकवले. पैसे मी थेट खात्यावर भरले होते, म्हणून ते अडवून धरण्याचा मार्गही उरला नव्हता.

आता कोणी विचारले तर मी सांगतो की व्हर्नियर खिशात घेऊनच जावे, रिम तीन ठिकाणी मोजावी, अनुक्रमांकाचे उत्तर कंपनीकडून येईपर्यंत अनामतही देऊ नये, आणि आलेखावर टायर, वेग व वाऱ्याचा कोन छापलेला नसेल तर तो आलेख पाहूच नये. माझ्या आलेखावर टायरची ओळ नव्हती. पुढे मूळ आलेख सापडला तेव्हा कळले की ती ओळ खालच्या कोपऱ्यात होती आणि कोपरा कापलेला होता.

तोच कोपरा कापलेला आलेख गेल्या आठवड्यात मला पुन्हा दिसला, त्याच माणसाच्या जाहिरातीत. या वेळी खाली ८० मिलिमीटरची चाके होती आणि आकडा मात्र तोच, २० वॉट.